तेहतीस

सात महिन्यांनी गेट उघडलं तेव्हा
यार्डातली खडी पायाखाली तशीच वाजली.
ट्रान्सफॉर्मर तोच, त्याच सुरात घुमणारा.
आम्हा दोघांत त्याचाच आवाज टिकला.

लातूरला शेक घेतले तेहतीस.
तेहतीस केव्हीवर अठरा वर्षं काढलेल्या माणसाला
डॉक्टरनं आकडा सांगितला, तेव्हा मी हसलो होतो.
बायकोला वाटलं, घाबरून हसला.
रोज निलंग्याहून सकाळची एसटी,
तोंडावर जाळीचा मुखवटा, टेबलाला आवळलेला,
आणि काचेमागची पोरगी म्हणायची, हलू नका हं मामा.
मी कशाला हलतोय?
चालू लाईनजवळ कसं थांबायचं
ते मला कुणी शिकवायला नको.

साहेब म्हणाले, दिवसपाळी घे, ऑफिसात बस.
मीच नको म्हणालो.
दिवसा माणसं गळ्याकडं बघतात,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारख्या कातडीकडं.
रात्री बघायला मीटरच्या सुया,
आणि त्या आपापल्या आकड्यावर नजर लावून असतात.

दोन लिटरची बाटली आणलीय. तोंडात थुंकी बनत नाही आता.
चुन्याची डबी अजून खिशातच,
तिच्यात फ्यूजची तार ठेवलीय.
हात जातो. उघडतो. तार बघतो. मिटतो.
अकराचं रीडिंग.
बाराचं रीडिंग.

फोन येतात.
लाईट कधी येणार?
सांगतो, जमेल तसं.
"नवीन आलाव का सायब?" एक गिरणीवाला म्हणाला,
"आधीचा मानूस बरा होता. नीट बोलायचा तरी."
हो, मी म्हणालो. बरा होता.

पावणेदोनला माळेगाव फीडर ट्रिप.
इलाही खांबाखाली उभा, परमिट मागतोय.
ब्रेकर काढला, आयसोलेटर उघडला, अर्थिंग लावलं,
पाटी अडकवली, परमिटचा नंबर सांगितला: चौदा.
तिकडून नुसते रातकिडे.
मग: "कोन बोलू लालंय?"
मी. शिवमूर्ती.
"शिवमूर्तीचा आवाज मला म्हाइत हाय.
तू कोन हाईस? आपरेटरला दे फोन."

राग नाही आला.
त्याच्या जागी मीही चढलो नसतो.
वर गेलेला माणूस पट्ट्याच्या भरवशावर नसतो,
फोनमधल्या आवाजाच्या भरवशावर असतो.
घोट घेतला.
जोर लावला तर आवाज फाटतो,
हळू बोललो तर निव्वळ वारा.
त्या वाऱ्यातच म्हणालो,
इलाही, तुझ्या शिडीची तिसरी पायरी
अजून माझ्या बैलाच्या कासऱ्यानंच बांधलीय का?

बराच वेळ रातकिडे.
मग नाक ओढल्याचा आवाज.
"सर्दी झालीय," म्हणाला, मी न विचारता.
"चढू लालो. लाईन बंद हाय ना?"
बंद आहे.
"अजून एकदा म्हन."
बंद आहे.
"अजून एकदा."
तेव्हा कळलं,
परमिट त्याला केव्हाच मिळालं होतं,
तो आता हा आवाज पाठ करत होता.

अडीचला फीडर घेतला.
लांब माळावर कुणीतरी विसरलेला बल्ब पेटला,
कुत्रं भुंकलं, गप्प झालं.

सकाळी चार्ज देताना रजिस्टरात लिहिलं:
सर्व फीडर चालू.
माळेगाव पाऊण तास बंद, पिन इन्सुलेटर फुटला होता.
ब्रीदरमधली सिलिका गुलाबी पडलीय, बदलायला पाहिजे.
माझ्या तपासणीची तारीख वेगळ्या कागदावर आहे,
वरच्या खिशात, डबीच्या बाजूला.
शेरा या रकान्यात: नॉर्मल.
पेन थोडा वेळ तिथंच राहिलं.

बाटली पहाटे चारलाच संपली होती.
दोन लिटर पुरत नाहीत रात्रीला.
उद्यापासून तीन आणायचं.